इंजिनाची रोजनिशी

आमच्या हिंगोली जिल्ह्यांतून विमानप्रवास करावयाचा झाल्यास शेजारच्या नांदेडास जावें लागतें. असें असतांहि गेल्या कांहीं वर्षांत येथील सुशिक्षित घरांतून एक नवा विषय चर्चेस येऊं लागला आहे. बारावीच्या परीक्षेंत गणित व पदार्थविज्ञान या विषयांत उत्तम गुण मिळविलेला मुलगा, आणि त्याच्या बरोबरीनें मुलगीहि, रात्रीच्या पंक्तींत ‘मला वैमानिक व्हावयाचें आहे’ असें सांगून मोकळी होते. आजोबा चष्मा पुसूं लागतात. काका खर्चाचा अदमास मांडतात. आत्याबाई दूरच्या नात्यांतील कोणा वैमानिकाची हकीकत सांगतात. आणि आई मात्र एकच प्रश्न विचारते, ‘वर गेल्यावर इंजिन बंद पडलें तर?’

हा प्रश्न कोणी भित्रेपणाचा समजूं नये. ज्यांची सारी हयात विमानविद्येंत गेली त्यांनींहि तो आपल्या मनाशीं कितीदां तरी विचारला आहे, व त्याचें उत्तर शोधतां शोधतांच एक चिमुकलें यंत्र निर्माण झालें आहे. वैमानिकाच्या पुढ्यांतील फळीवर, हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर रंगीत दांड्या व आंकडे दाखविणाऱ्या या डिजिटल यंत्रास ‘इंजिन मॉनिटर’ म्हणतात. आपण त्यास इंजिननिरीक्षक म्हणूं. हें यंत्र काय पाहतें, काय सांगतें, आणि त्याचें सांगणें केव्हां व्यर्थ जातें, हें समजून घेणें ज्या घरांतील मूल विमान चालवावयास शिकणार आहे त्या घरास अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

कानावर विसंबण्याचा काळ

मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ सालीं जुहू येथें निघाला. श्री. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना १९२९ च्या फेब्रुवारींत विमान चालविण्याचा परवाना मिळाला. भारतांत दिला गेलेला असा तो पहिलाच परवाना होय. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं ते टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले व अहमदाबादेवरून जुहूच्या मैदानावर उतरले, ही गोष्ट बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. त्यांचें तें पुस मॉथ विमान एकाच इंजिनावर चालणारें होतें. त्या इंजिनास चार सिलिंडर व सुमारें १२० घोड्यांची शक्ति होती. इंजिनाची प्रकृति कळावयास त्या काळीं मोजक्याच तबकड्या असत. फेरे किती होत आहेत, तेलाचा दाब किती आहे, एवढें त्या सांगत. बाकीचा सारा भरंवसा वैमानिकाचा कान, त्याचें नाक आणि बैठकीखालीं जाणवणारी थरथर यांवर असे.

आपल्या जुन्या वैद्यांची नाडीपरीक्षा जशी, तशीच ही विद्या होती. तिची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु तिला एक जन्मजात मर्यादा आहे. हळूहळू होणारा बदल इंद्रियांस कळत नाहीं. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या मुलाची वाढलेली उंची आईच्या लक्षांत येत नाहीं. वर्षानें भेटणाऱ्या मामाच्या ती पाहतांक्षणींच लक्षांत येते. इंजिनाचीं पुष्कळशीं दुखणीं याच जातीचीं असतात. तीं एका दिवसांत उद्भवत नाहींत. दहावीस तासांच्या उड्डाणांत तीं कणाकणानें वाढतात, आणि कानास ऐकूं येतात तेव्हां पुष्कळदां उशीर झालेला असतो.

चार सिलिंडरांचें एकत्र कुटुंब

मोठ्या प्रवासी विमानाच्या जेट इंजिनांत अखंड जळणारी ज्वाला चाकांस फिरवीत असते. शिकाऊ वैमानिकांच्या लहान विमानांत मात्र मोटारीसारखें दट्ट्याचें, म्हणजे पिस्टनचें, इंजिन असतें. आपल्याकडील प्रशिक्षणसंस्थांतून दिसणाऱ्या सेसना १७२ या विमानाचें उदाहरण घेऊं. त्याच्या हल्लींच्या प्रकारांत लायकमिंग या अमेरिकन कंपनीचें १८० घोड्यांच्या शक्तीचें इंजिन असतें. त्याचे चार सिलिंडर, दोन एका बाजूस व दोन दुसऱ्या बाजूस, असे आडवे मांडलेले असतात. प्रत्येकांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण येतें, दाबलें जातें, ठिणगीनें पेटतें, दट्ट्यास ढकलतें आणि धूर होऊन बाहेर पडतें. मिनिटास २४०० फेरे होत असले म्हणजे प्रत्येक सिलिंडरांत दर सेकंदास २० वेळां भडका उडतो. तासाभरांत ७२,००० वेळां.

मोटारीच्या इंजिनाभोंवतीं पाणी खेळविलेलें असतें. या इंजिनास पाणी नाहीं. समोरून येणारा वाराच त्यास निववितो. त्यासाठीं सिलिंडरांवर पातळ पातळ कडा काढलेल्या असतात, आणि वारा नेमका त्या कडांमधून जावा म्हणून पत्र्याचे व रबराचे आडोसे लावलेले असतात. वारा चौघांस सारखा मिळत नाहीं. त्यामुळें एका घरांत वाढलेल्या चार भावांची प्रकृति जशी एकसारखी नसते, तशी चार सिलिंडरांचीहि नसते. कोणी जात्याच उष्ण, कोणी शीतल.

दुसरी गोष्ट ठिणगीची. प्रत्येक सिलिंडरांत एकाऐवजीं दोन प्लग असतात आणि त्यांस वीज पुरविणारे मॅग्नेटोहि दोन स्वतंत्र असतात. एक बाजू निकामी झाली तरी दुसरी काम रेटून नेते. विमानाच्या सुरक्षिततेचा हा मोठाच आधार आहे. परंतु या आधारामुळेंच दोष झांकलाहि जातो. मोठ्या कुटुंबांत एकाचें दुखणें इतरांच्या कष्टांत बरेच दिवस लपून राहतें, तसाच हा प्रकार आहे. एक प्लग मेला तरी इंजिन चालतच राहतें, आणि वरवर पाहणारास सर्व कांहीं ठीक आहे असें वाटतें.

जुन्या धर्तीच्या विमानांत या चौघांचें सुखदुःख स्वतंत्रपणें कळण्याची सोय नसे. तेलाची उष्णता, तेलाचा दाब आणि फेऱ्यांची संख्या या तबकड्या साऱ्या कुटुंबाची मिळून एक हकीकत सांगत. कांहीं विमानांत सिलिंडरची उष्णता दाखविणारा कांटा असे, पण तो एकाच सिलिंडरास जोडलेला असे. बाकीच्या तिघांविषयीं तो मुका. आपल्या बऱ्याच वैमानिकांनीं ज्यावर पहिले धडे घेतले तें सेसना १५२ विमान १९७७ ते १९८५ या काळांत बनलें, म्हणजे आज त्यांतील सर्वांत धाकटें विमानहि शिकणाऱ्या मुलामुलींहून वडील आहे. वय हा विमानाचा दोष नव्हे. ठराविक तास भरले म्हणजे त्याचें इंजिन पुरतें उलगडून पुन्हां बांधतात. परंतु अशा विमानाच्या मूळच्या तबकड्या मात्र जुन्या काळाच्याच असतात.

यंत्र पाहतें कसें

इंजिननिरीक्षकाचें मूळ फार जुन्या शोधांत आहे. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोंकाशीं जोडून तें टोंक तापविलें असतां त्यांत अल्पशी वीज निर्माण होते, हा चमत्कार सेबेक या शास्त्रज्ञानें १८२१ सालीं दाखवून दिला. निकेलच्या मिश्रधातूंच्या ज्या तारा हल्लीं या कामीं वापरतात त्यांत उष्णता एक अंश सेल्सिअसनें वाढली कीं व्होल्टाचे दहा लाख भाग केल्यास त्यांतील सुमारें ४१ भागांइतका फरक पडतो. इतका सूक्ष्म फरक मोजून त्याचा आंकडा करून दाखविणें छोट्या संगणकास सहज जमतें. असे संगणक स्वस्त झाल्यावर, १९८० नंतरच्या काळांत, हीं यंत्रें खासगी विमानांत दिसूं लागलीं. आणि २००४ नंतर नव्या शिकाऊ विमानांत जे मोठे पडदे आले, त्यांत ही सोय कारखान्यांतूनच बसवून येऊं लागली.

अशा तारांची एक जोडी प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यांत बसवितात आणि दुसरी त्याच्या धुराच्या नळींत, झडपेपासून कांहीं इंचांवर. धुराची उष्णता साधारणपणें ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या घरांत असते. लोखंड लालबुंद दिसावें इतकी. सिलिंडरचें डोकें ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें असतें. पुष्कळ लायकमिंग इंजिनांत त्याची कमाल मर्यादा २६० अंश ठरविलेली आहे, परंतु सिलिंडर दीर्घकाळ टिकावे असें वाटत असेल तर एरव्हीं तीं २०० च्या आसपास किंवा त्याखालीं ठेवावीं असा अनुभवी लोकांचा सल्ला आहे. कारण उष्णता वाढत गेली कीं ॲल्युमिनियमचें बळ घटत जातें.

चार सिलिंडरांच्या आठ जोड्या झाल्या. त्यांत तेलाचा दाब व उष्णता, फेरे, पेट्रोलचा तासागणिक खप, विजेचा दाब, बाहेरच्या हवेची उष्णता असे आणखी सातएक आंकडे मिळविले म्हणजे एका वेळच्या नोंदींत सुमारें १५ आंकडे येतात. यंत्र ही नोंद दर सहा सेकंदांनीं किंवा त्याहूनहि जलद आपल्या पोटांत सांठवितें. सहा सेकंदांचा हिशेब धरला तरी तासाभराच्या उड्डाणांत ६०० ओळी लिहिल्या जातात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठीं २०० तासांचें उड्डाण लागतें. तेवढ्या वेळांत १,२०,००० ओळी होतील. इंजिनानें स्वतःच्या हातानें लिहिलेली ही रोजनिशीच म्हणावयाची.

चार दुखणीं व त्यांचीं लक्षणें

या रोजनिशींत काय वाचावयास मिळतें, तें चार उदाहरणांनीं पाहूं.

विमानाच्या पेट्रोलांत अजूनहि शिसें घालतात. जमिनीवर फार वेळ मंद गतीनें इंजिन चालविलें कीं त्या शिशाचे बारीक मणी प्लगांत बसतात व प्लग ठिणगी टाकीनासा होतो. मग मिश्रण दोहों बाजूंऐवजीं एकाच बाजूनें पेटूं लागतें, जळावयास अधिक वेळ घेतें, आणि झडप उघडते तेव्हां तें पुरतें निवलेलें नसतें. अशा वेळीं त्या एका सिलिंडरच्या धुराची उष्णता वाढते, आणि त्याच्या डोक्याची मात्र किंचित् उतरते. धूर अधिक गरम व घर थोडें गार, हें ऐकावयास विपरीत वाटतें. पण कारण समजल्यावर त्याइतकें स्वच्छ लक्षण दुसरें नाहीं. उड्डाणापूर्वीं वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो तेव्हां जुन्या तबकडीवर केवळ फेरे थोडे घटलेले दिसतात. इंजिननिरीक्षक कोणत्या सिलिंडरचा कोणत्या बाजूचा प्लग रुसला आहे तें बोट दाखवून सांगतो, आणि कारागिराचे आठ प्लग उघडण्याचे श्रम वांचतात.

दुसरें दुखणें याच्या उलट व फार घातक. मिश्रण शांतपणें जळत न जातां त्याचा उरलेला भाग एकदम फुटतो. त्या स्फोटाची आंच धुरांत न जातां सिलिंडरच्या डोक्यांत व दट्ट्यांत शिरते. अर्थात् डोक्याची उष्णता झरझर चढते व धुराची उतरते. दोन्ही आंकडे समोर असले तर हा रोग ओळखतां येतो. एकच असेल तर येत नाहीं. येथें वैमानिकाच्या हातीं थोडाच अवधि असतो. शक्ति कमी करणें व मिश्रणांत पेट्रोलचें प्रमाण वाढविणें हे उपाय त्यानें ताबडतोब योजावयाचे असतात.

तिसरें उदाहरण वाऱ्याच्या आडोशांचें. रबराची एक पट्टी फाटली कीं वारा भलत्याच वाटेनें निघून जातो. आपल्याकडे वैशाखांत धांवपट्टीवरची हवा ४० अंशांच्या वर असते, चढतांना विमानाचा वेग कमी व इंजिनावरचा भार अधिक असतो. अशा वेळीं चौघांपैकीं एक सिलिंडर तापत चालला तर विमानाचें नाक थोडें खालीं करून वेग वाढवावा, म्हणजे त्यास वारा मिळतो. जमिनीवर आल्यावर ती पट्टी बदलावी. काम तासाभराचें, पण कळलें नाहीं तर सिलिंडर तडकण्यापर्यंत पाळी येते.

चौथें दुखणें धूर सोडणाऱ्या झडपेचें. ही झडप आगींतच नांदत असते. ती एका कडेस नीट बसेनाशी झाली कीं तेथून जळते वायु निसटतात व ती कड करपत जाते. झडप चालतांना स्वतःभोंवतीं सावकाश फिरतहि असते, म्हणून त्या सिलिंडरच्या धुराची उष्णता लाटेसारखी संथपणें खालींवर होऊं लागते. उडतांना पडद्याकडे पाहणारास ही लाट बहुधा दिसत नाहीं. उतरल्यानंतर सर्व नोंद कागदावर आलेखाच्या रूपानें मांडली कीं ती डोळ्यांत भरते. मग कारागीर प्लगच्या छिद्रांतून बारीक कॅमेरा आंत घालतो व करपलेली कड प्रत्यक्ष पाहतो. जमिनीवर सांपडलेली अशी झडप म्हणजे कांहीं दिवसांची दुरुस्ती. तीच आकाशांत तुटली तर इंजिनाची बरीचशी शक्ति एका क्षणांत जाते.

एकट्या आंकड्यास अर्थ नाहीं

आमच्या जिल्ह्यांतील औंढा नागनाथाचें नांव आतां जगांतील शास्त्रज्ञांच्या तोंडीं आलें आहे. गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा तेथें उभी राहावयाची असून केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें तिच्यासाठीं सुमारें २६०० कोटि रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेंत अशा दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारें ३००० किलोमीटर अंतरावर आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर आली ती दोघींनींहि, सुमारें ७ सहस्रांश सेकंदांच्या अंतरानें, एकसारख्याच स्वरूपांत टिपली. म्हणून ती खरी मानली गेली. एकीसच कांहीं जाणवलें असतें तर तें रस्त्यावरच्या मालमोटारीचें कंपन कीं आकाशांतला संदेश, हें ठरविणें कठीण होतें.

कोठें ती वेधशाळा आणि कोठें हें पंजाएवढें यंत्र! परंतु मोजण्याचा धर्म दोहींकडे एकच आहे. एक आंकडा एकटा असतांना कांहींच सिद्ध करीत नाहीं. त्याचा अर्थ शेजारच्या आंकड्याशीं व कालच्या आंकड्याशीं ताडून पाहिल्यानेंच लागतो. तिसऱ्या सिलिंडरचा धूर ७६० अंशांचा आहे, एवढ्यावरून तो आजारी कीं निरोगी हें सांगतां येणार नाहीं. तारांचें टोंक झडपेपासून अर्धा इंच पुढेंमागें बसविलें तरी आंकडा बदलतो. चारही दांड्या सारख्या उंचीच्या दिसल्या पाहिजेत हा हट्टहि व्यर्थ आहे. महिनाभर जो सिलिंडर तिसऱ्या क्रमांकावर होता तो आज पहिल्यावर कां आला, हा विचारण्याजोगा प्रश्न होय.

आपल्यापैकीं वडीलधाऱ्या मंडळींस विषमज्वराच्या रोग्याच्या उशाशीं टांगलेला तापाचा तक्ता आठवत असेल. सकाळचा एक आंकडा पाहून डॉक्टर मत देत नसत. सात दिवसांची चढउतार पाहून मग बोलत. आणि तक्ता ठेवण्याचें काम घरांतील एखादी जागरूक सून किंवा मोठी मुलगी न चुकतां करी म्हणूनच त्यांस बोलतां येई. थर्मामीटर घरांत असणें निराळें व तक्ता ठेवणें निराळें. इंजिननिरीक्षकाविषयीं सांगण्याजोगी मुख्य गोष्ट ती हीच.

यंत्राच्या मर्यादा

या यंत्राच्या स्तुतींत आम्हांस वाहवून जावयाचें नाहीं. जुन्या शिक्षकांचा आक्षेप असा कीं, पडद्याकडे डोळे लावून बसणारा विद्यार्थी खिडकीबाहेर पाहावयाचें विसरतो. लहान विमान चालवितांना दृष्टि बहुतांशीं बाहेरच असली पाहिजे, हें निर्विवाद आहे. म्हणूनच मर्यादा ओलांडली कीं आंकडा लुकलुकावा अशी योजना यंत्रांत असते. एरव्हीं त्यावर ओझरती नजर पुरे.

दुसरें असें कीं, यंत्रहि खोटें बोलूं शकतें. आगींत राहणाऱ्या तारा कालांतरानें झिजतात. एखाद्या सिलिंडरच्या डोक्याची उष्णता एका सेकंदांत शंभर अंशांनीं उडाली तर इंजिनास दोष देण्याचें कारण नाहीं. इतक्या वजनाची धातु एका सेकंदांत तेवढी तापूं शकत नाहीं, तेव्हां तार सैल झाली असली पाहिजे. हा विवेक विद्यार्थ्यास शिकवावा लागतो. शिवाय नियमाप्रमाणें असल्याच पाहिजेत अशा मूळच्या तबकड्या, नव्या यंत्रास त्यांच्या जागीं रीतसर मान्यता मिळालेली नसेल तर, काढून टाकतां येत नाहींत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, लहान विमानांच्या अपघातांपैकीं पुष्कळसे वारा, ढग, संपलेलें पेट्रोल व माणसाची चूक यांमुळें होतात. झडपेची उष्णता मोजणारें यंत्र त्या सर्वांवर उतारा कसा होणार?

घरच्या माणसांचें काम

महाराष्ट्रांत विमानशिक्षणाचीं केंद्रें आतां एकदोन नाहींत. मुंबईच्या जुन्या फ्लाइंग क्लबनें आपलें प्रशिक्षणाचें काम धुळ्यास नेलें. बारामतीस, शिरपुरास, गोंदियाजवळ बिरसीस मुलेंमुली शिकत आलीं आहेत. अमरावतीच्या बेलोरा येथें मोठी संस्था काढण्याचें एअर इंडियानें २०२४ सालीं जाहीर केलें. वैमानिकांत स्त्रियांचें प्रमाण जगाच्या सरासरीहून आपल्या देशांत पुष्कळच अधिक आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. याबरोबर दुसरी बाजूहि नजरेआड करूं नये. जुलै २०२२ मध्यें इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शेतांत एक सेसना १५२ कोसळलें. एकटीनें उडणारी विद्यार्थिनी दैवानें वांचली. ऑक्टोबर २०२३ मध्यें बारामतीच्या परिसरांत चार दिवसांच्या आंत प्रशिक्षणाचीं दोन विमानें पडलीं. या अपघातांचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. आपलीं मुलें कोणत्या कामास जात आहेत, त्याचें भान मात्र पालकांनीं ठेवावें.

संस्था पाहावयास गेलेले पालक बहुधा वसतिगृह, भोजनाची व्यवस्था, शुल्काचे हप्ते आणि नोकरीची शाश्वती यांविषयीं चौकशी करतात. त्यांत आणखी चार प्रश्नांची भर घालावी. प्रत्येक सिलिंडरची उष्णता वेगळी दाखविणारें यंत्र आपल्या किती विमानांत आहे? त्यांतील नोंद किती दिवसांनीं उतरवून घेतां? ती वाचतो कोण, व त्या गृहस्थांस भेटतां येईल काय? आणि एखाद्या विद्यार्थ्यानें ‘आज दुसरा सिलिंडर अधिक तापला’ असें वहींत लिहिल्यास पुढें काय होतें? पहिल्या प्रश्नास उत्तर देणें सोपें आहे. पैसे खर्च केले कीं यंत्र येतें. संस्थेची खरी परीक्षा पुढील तीन प्रश्नांत आहे. नोंद वाचणाऱ्या माणसाचें नांव जेथें चटकन् सांगतां येत नाहीं, तेथें रोजनिशी लिहिली जात असूनहि कोणी उघडीत नाहीं असें समजावें.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वतःच्या घरासंबंधीं आहे, आणि ती सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. या शिक्षणास अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक खर्च येतो. कोणी शेत विकतो, कोणी घर गहाण टाकतो, कोणाचे काका व मामा मिळून भार उचलतात. साहजिकच दर रविवारीं घरून फोन जातो, आणि पहिला प्रश्न असतो, ‘किती तास झाले?’ प्रश्न विचारणारा प्रेमानेंच विचारतो. परंतु तिकडे सकाळीं सहा वाजतां धांवपट्टीच्या टोंकास एकटी बसलेली वीस वर्षांची मुलगी पडद्यावरच्या तिसऱ्या दांडीकडे पाहत असते. ती दांडी रोजच्यापेक्षां अंमळ उंच दिसत असते. आज परत फिरावें तर उड्डाण जाईल. विमान कारागिराकडे जाईल. पाळी पुन्हां केव्हां येईल याचा नेम नाहीं. आणि रविवारीं काकांस काय सांगावयाचें? अशा वेळीं यंत्रानें आपलें काम केलेलें असतें. पुढचें काम तिच्या मनाच्या बळावर होणार असतें, आणि तें बळ तिला किती आहे हें बरेंचसें घरच्या त्या फोनवर अवलंबून असतें.

विमान परत फिरविणें हा पराभव नाहीं, हें मुलांस शिक्षकांनीं सांगितलें पाहिजे. पण आधीं तें वडिलांनीं, काकांनीं व आजोबांनीं सांगितलेलें असावें. ‘किती तास झाले’ या प्रश्नाच्या जोडीला ‘या आठवड्यांत एखादें विमान नाकारलेंस काय, व कां’ हाहि प्रश्न घरांतून जाऊं लागला तर मुलांस धीर येईल. उत्तर समजण्यापुरतें ज्ञान आतां वाचकांपाशीं आहे. मुलगी म्हणाली कीं ‘डाव्या मॅग्नेटोवर चौथ्या सिलिंडरचा धूर एकदम थंड पडला, म्हणून उड्डाण केलें नाहीं’, तर त्या सिलिंडरचा डाव्या मॅग्नेटोस जोडलेला प्लग मेला होता, हें घरच्यांस उमगेल. आणि तेवढ्या दिवसाचे पैसे फुकट गेले असें घरांत कोणीहि म्हणूं नये.